मुंबईच्या दारातला लांडगा

इस्रायल व अमिराती यांच्यात २०२० साली करार झाला आणि दुबईस थेट विमाने जाऊ लागली, तेव्हापासून आमच्या भाच्याचा आग्रह चालू होता. शेवटी एकदा आम्ही उभयता त्याच्या दुबई सिलिकॉन ओएसिसमधील घरी आठ दिवस राहून आलो. तेथून समुद्र दिसत नाही. दिसतात त्या इमारती आणि कचेऱ्या, आणि पलीकडे वाळू. तरी गोष्ट निघाली ती समुद्राचीच. भाच्याचा धाकटा मुलगा जर्मन विनाशिकांवरील पुस्तक वाचीत होता. त्याने विचारले, "आजोबा, अशी एखादी बोट आपल्या मुंबईवर आली होती का हो?"

विनाशिका आली नाही. पण जी आली ती विनाशिकेहून अधिक घातकी होती, आणि तिची हकिगत आपल्या समाजात फारशी कोणास ठाऊक नसावी असे वाटल्यावरून ती येथे देत आहोत.

पहिल्या महायुद्धातील 'एमडन'चे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, कारण तिने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर उघडपणे तोफा डागल्या. 'वुल्फ'ने गाजावाजा केला नाही. वुल्फ म्हणजे लांडगा. हे मूळचे हान्सा कंपनीचे मालवाहू जहाज. नाव 'वाख्तफेल्स', बांधणी १९१३ ची. जर्मन आरमाराने ते घेऊन त्यावर १५ सेंटिमीटरच्या सात तोफा चढविल्या आणि खोट्या कठड्यांआड त्या लपविल्या. धुराडे व डोलकाठ्या वरखाली करता येत, त्यामुळे आज एका बोटीचे तर उद्या दुसऱ्याच बोटीचे रूप! वर एक लहानसे समुद्रविमान आणि पोटात चारशेंहून अधिक सुरुंग. कप्तान होता कार्ल नेर्गर. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी त्याने कील बंदर सोडले. इतरांचे बिनतारी संदेश तो ऐकत असे, आपण मात्र मौन पाळी.

केपच्या किनाऱ्यावर व कोलंबोपुढे सुरुंग पेरून १९१७ च्या फेब्रुवारीत तो रात्रीच्या अंधारात मुंबईपुढे आला. मुंबईच का, हे सांगावयास नको. मेसोपोटेमियाच्या मोहिमेसाठी फौजा, दाणागोटा, खेचरे, सारे मुंबईहूनच बसऱ्यास जात होते. त्या पलटणींतून आपली बेने इस्रायल मंडळीही गेलेली आहेत. सुरुंग टाकून वुल्फ निघून गेला आणि मुंबईस त्याचा पत्ताही नव्हता.

चार महिने तसेच गेले. मग ऐन पावसाळ्याच्या तोंडावर एकेक तडाखा बसू लागला. ११ जूनला 'सिटी ऑफ एक्झेटर' या बोटीस सुरुंग लागला. ती बुडाली नाही. १७ जूनला 'क्रॉक्सटेथ हॉल' बुडाली. आणि २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीची मोठी उतारू बोट 'मंगोलिया' मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ५० मैलांवर सुरुंगावर आदळून तळास गेली. वीसहून अधिक माणसे दगावली. जुलैच्या अखेरीस 'ओखला'ही गेली. (जूल व्हर्नच्या कादंबरीत फिलिअस फॉग ज्या 'मंगोलिया'तून मुंबईस उतरतो ती ही नव्हे, ही १९०३ सालची.)

मुंबईच्या दक्षिणेस ५० मैल म्हणजे मुरुड-श्रीवर्धनच्या समोरचे पाणी. जुना कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान. आपल्या पूर्वजांचे गलबत फुटून सात जोडपी नवगावच्या किनाऱ्यास लागली अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तोच हा किनारा. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर राबणारे पुष्कळ खलाशी कोकणातले असत, जेवणघरात गोव्याचे लोक. त्या काळच्या बातम्यांत गोऱ्या उतारूंची नावे निघत, खलाशांची केवळ संख्या. हा भेद आम्हांस आजही खुपतो. मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या युद्धाचे स्मारक आहे. समुद्रातच ज्यांची कबर झाली अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींसाठी ते उभारलेले आहे. मुंबईस जाणाऱ्यांपैकी किती जण तेथे जातात?

इकडे वुल्फने 'टुरिटेला' नावाची एक बोट पकडली. ती मूळची हान्साचीच 'गुटेनफेल्स', इंग्रजांनी हस्तगत केलेली! तिच्यावर सुरुंग चढवून तिला एडनकडे धाडले. इंग्रज युद्धनौका 'ओडिन' गाठीस येताच तिच्या जर्मन खलाशांनी तिला स्वतःच बुडविले. वुल्फ पुढे पॅसिफिकपर्यंत गेला. बोट पकडावी, कोळसा व अन्न काढून घ्यावे, माणसे कैद करावी, बोट बुडवावी, असा क्रम. चारशेंवर कैदी तळघरात कोंबलेले. अखेरीस ताज्या अन्नावाचून स्कर्व्ही पसरली. ४५१ दिवस कोणत्याही बंदरास न लागता फेब्रुवारी १९१८ मध्ये तो कीलला परतला, आणि नेर्गरला जर्मनीचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. दर्यावर्दी म्हणून त्याचे कसब आम्ही नाकारीत नाही. पण सुरुंगास सैनिक व आचारी यांतला फरक कळत नाही, हेही खरे.

कैद्यांपैकी काही 'इगोट्झ मेंडी' या पकडलेल्या स्पॅनिश बोटीवर होते. ती त्याच महिन्यात डेन्मार्कच्या किनाऱ्यावर रुतली, ते सुटले, आणि त्यांच्या तोंडून जगास सारा प्रकार कळला. 'मंगोलिया' बुडून तेव्हा आठ महिने झाले होते.

युद्धानंतर वुल्फ फ्रेंचांकडे गेला, 'अँटिनूस' नावाने पुन्हा माल वाहू लागला आणि १९३१ मध्ये मोडीत निघाला. हान्सा कंपनीचा मात्र आपल्या किनाऱ्याशी संबंध सुटला नाही. दुसऱ्या महायुद्धात तिची 'एहरेनफेल्स' गोव्यास मुरगाव बंदरात अडकून होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी घोडेस्वार पलटणीच्या लोकांनी तिच्यावर छापा घातला. त्यावर १९८० मध्ये इंग्रजी चित्रपटही निघाला. पण ती निराळी गोष्ट.

मुलाने नकाशा काढला आणि नवगाव शोधू लागला. मुंबई सापडली, अलिबाग सापडले, नवगाव काही दिसेना. तेव्हा आम्ही अलिबागच्या किंचित वर बोट ठेवून म्हटले, "इथे बघ."