शेतकरी उत्पादक कंपनीची जीएसटी नोंदणी आणि विवरणपत्रे

स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच शेतकऱ्यांनी मिळून उत्पादक कंपनी काढली, तर ही सूट कंपनीला मिळत नाही. हे मात्र अनेकदा नोटीस आल्यावरच कळते. कायद्याच्या व्याख्येत शेतकरी म्हणजे स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या श्रमाने, अथवा आपल्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. कंपनी, सहकारी संस्था, भागीदारी फर्म त्यात बसत नाहीत. शेतकऱ्याची सूटही शेतातून निघालेल्या मालापुरतीच आहे. बेदाण्याबाबत बराच गोंधळ होता. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये केला. कैरीचे लोणचे किंवा टोमॅटो सॉस मात्र शेतमालात मोडत नाही.

उलाढाल कशी मोजायची?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्या व्यवसायाला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. घोळ होतो तो उलाढाल मोजताना, कारण तीत करमुक्त विक्रीही धरावी लागते. समजा, कंपनीने सभासदांकडून घेतलेली ३८ लाखांची तूर व ज्वारी सुटी विकली. त्यावर कर नाही. शिवाय ३ लाखांची तूरडाळ एक-एक किलोच्या लेबल लावलेल्या पिशव्यांतून विकली. तिच्यावर ५ टक्के कर आहे. करपात्र विक्री ३ लाखांचीच असली तरी उलाढाल ४१ लाख झाली, म्हणजे नोंदणी आली. कर बसेल तो पिशवीबंद डाळीवरच. ती डाळ विकलीच नसती, तर फक्त करमुक्त माल विकणारी कंपनी म्हणून कितीही उलाढालीला नोंदणी लागली नसती.

कंपनी औजार बँक चालवून ट्रॅक्टर, मळणीयंत्र भाड्याने देत असेल तर ती ‘फक्त वस्तू विकणारी’ राहत नाही. शेतीकामासाठीची ही सेवा करमुक्त असली तरी मर्यादा ४० ऐवजी २० लाखांवर येते. करपात्र माल परराज्यात विकला, तर मर्यादेचा प्रश्नच नाही. कोल्हापूरच्या कंपनीने बेळगावच्या दुकानदाराला लोणच्याच्या चार पेट्या दिल्या तरी आधी नोंदणी हवी.

कापूस खरेदी करणाऱ्या कंपन्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. नोंदणी असलेल्या कंपनीने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के कर खरेदीदार म्हणून कंपनीनेच रोखीने भरायचा असतो. नंतर त्याची वजावट मिळू शकते, पण हंगामात तेवढे भांडवल अडकते. कोकणात सालासकट काजू बी घेणाऱ्यांनाही हाच नियम आहे.

नोंदणी

नोंदणीची जबाबदारी आल्यापासून ३० दिवसांत जीएसटी पोर्टलवर अर्ज करायचा. सरकारी शुल्क नाही. कंपनीचा पॅन व स्थापनेचा दाखला, संचालकांचे पॅन व आधार, सही करणाऱ्याच्या नावाचा संचालक मंडळाचा ठराव, डिजिटल सही आणि जागेचा पुरावा लागतो. अर्ज अडतो तो बहुधा जागेवरून. गोदाम एखाद्या संचालकाचे आणि वीजबिल त्याच्या वडिलांच्या नावावर, असे गावाकडे नेहमीचेच. जागा ज्याच्या नावावर आहे त्याचे संमतीपत्र किंवा भाडेकरार आधीच तयार ठेवा. संकलन केंद्र, शीतगृह याही जागा अर्जात दाखवा. महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांक १५ अंकाक्षरी असून २७ ने सुरू होतो.

विवरणपत्रे

जीएसटीआर-१ मध्ये विक्रीची बिले दाखवायची, जीएसटीआर-३बी मध्ये कराचा हिशेब करून रक्कम भरायची. दरमहा भरणाऱ्यांना अनुक्रमे पुढील महिन्याची ११ आणि २० तारीख असते. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही पर्याय घेता येतो. त्यात महाराष्ट्रासाठी तिमाहीनंतरच्या महिन्याची १३ आणि २२ तारीख असते, पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. लहान कंपन्यांना तिमाही पर्यायच सोयीचा, असे माझे मत आहे.

कंपनीचा व्यवहार हंगामी असतो. विक्री थांबली की विवरणपत्रही थांबते, हा समज महागात पडतो. विक्री शून्य असली तरी शून्य विवरणपत्र भरायचेच. ते एसएमएसनेही भरता येते. शून्य जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास दिवसाला २० रुपये, इतर वेळी ५० रुपये विलंब शुल्क लागते. थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळे. दरमहा भरणाऱ्याची सलग सहा महिन्यांची किंवा तिमाही भरणाऱ्याची सलग दोन तिमाहींची विवरणपत्रे राहिली, तर नोंदणी रद्द होऊ शकते. मोठा खरेदीदार त्याआधीच दुरावतो, कारण तुम्ही जीएसटीआर-१ भरला नाही तर त्याला तुमच्या बिलावरच्या कराची वजावट मिळत नाही आणि तो तेवढी रक्कम तुमच्या पैशांतून रोखून धरतो.

राज्याचा व्यवसाय कर यात येत नाही. त्याची नोंदणी वेगळी असते. कंपनीला तो वर्षाला २,५०० रुपये पडतो.