संपाच्या हक्काचा मोबदला

१८८९ च्या राज्यघटनेखालीं जपानचा सरकारी अधिकारी सम्राटाचा सेवक होता. १९४७ च्या घटनेनें त्यास सर्व जनतेचा सेवक ठरविलें. त्याच वर्षीं राष्ट्रीय लोकसेवेचा कायदा झाला. पण पुढल्याच वर्षीं दोस्त राष्ट्रांचे सेनापति मॅकार्थर यांच्या पत्रावरून त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन नोकरांचा संपाचा हक्क गेला. मोबदला म्हणून वेतनाची शिफारस करणारें स्वतंत्र मंडळ नेमण्यांत आलें. १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें संपबंदी वैध ठरवितांना या मोबदल्याचाही आधार घेतला. तरीही १९८२ सालीं तिजोरीच्या ओढाताणीमुळें सरकारनें मंडळाची शिफारस बाजूस ठेविली. आमच्या मतें, ज्याचें शस्त्र कायद्यानें काढून घेतलें त्यास दिलेलें वचन पाळणें ही मेहेरबानी नव्हे. तें त्या कायद्याचेंच अर्धें अंग होय.