क्वार्टरबॅक कोण? अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील न मिटणारा वाद

फुटबॉल म्हटले की गोमंतकीय वाचकाच्या डोळ्यांसमोर जो खेळ उभा राहतो, त्याच्याशी अमेरिकेतील फुटबॉलचे नाते जवळपास नावापुरतेच आहे. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायापेक्षा हातांतच अधिक असतो. शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर उभे ठाकतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. यांतील जवळजवळ प्रत्येक प्रयत्न एकाच खेळाडूपासून सुरू होतो. मधल्या गड्याने पायांमधून मागे दिलेला चेंडू त्याच्या हाती येतो आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते की चेंडू दूरच्या सहकाऱ्याकडे फेकायचा, शेजारच्या धावपटूच्या हाती द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचे. तोवर सव्वाशे किलो वजनाचे बचावपटू त्याच्या अंगावर चाल करून येत असतात. या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. तो कोण असावा, यावरून अमेरिकेतील विद्यापीठांच्या गावांत दर हंगामात जो वाद रंगतो, तो त्या खेळाइतकाच जुना वाटावा असा आहे.

विद्यापीठांमधील पहिला फुटबॉल सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला; पण त्यात क्वार्टरबॅक नव्हता. १८८० मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने संघ अकरा जणांचा झाला आणि प्रत्येक डाव ठरावीक रेषेवरून सुरू करण्याची पद्धत आली. रेषेवरून मागे आलेला चेंडू प्रथम घेणाऱ्याला हे नाव मिळाले, कारण त्याची जागा पुढची फळी आणि हाफबॅक यांच्या मधोमध असे. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि हळूहळू हा मधला दुवा संघाचा मेंदू होऊन बसला.

वादाचे मूळ या जागेच्या एकटेपणात आहे. इतर जागांवर खेळाडू आलटून-पालटून उतरवता येतात. क्वार्टरबॅक मात्र बहुधा एकच खेळतो, आणि दुसरा टोपी घालून बाजूच्या रेषेवर उभा राहतो. क्रिकेटमध्ये दोन तुल्यबळ यष्टिरक्षक असले तर एकाला निदान फलंदाज म्हणून तरी खेळवता येते. इथे ती पळवाट क्वचितच सापडते. त्यात महाविद्यालयीन खेळाची मुदत ठरलेली. खेळाडूला पाच वर्षांच्या आत चार हंगाम मिळतात, अशी नियमाची जुनी चौकट आहे, आणि एका हंगामात नियमित सामने असतात जेमतेम बारा. तीन सामने चुकीच्या माणसावर गेले तर संघाचे वर्ष जाते. एक वर्ष बाकावर गेले तर त्या मुलाच्या आयुष्यातील चौथा हिस्सा संधी जाते.

पाहणारेही साधे प्रेक्षक नसतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांहून अधिक लोक बसतात. अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा राष्ट्रीय पातळीवरचा संघच नाही. तेथे शनिवारचा विद्यापीठाचा सामना हाच घराघरांतला मोठा सोहळा. माध्यमिक शाळेत असल्यापासून मुलांना तारे देऊन त्यांची प्रतवारी केली जाते. त्यामुळे पंचतारांकित मुलगा आवारात पाऊल टाकण्याआधीच त्याचा पक्ष तयार असतो. एकीकडे ‘अनुभवी मुलाने काय चूक केली?’ म्हणणारे, दुसरीकडे ‘भविष्य आजच खेळवा’ म्हणणारे. गावातला सर्वांत लोकप्रिय माणूस म्हणजे राखीव क्वार्टरबॅक, अशी एक जुनी अमेरिकी थट्टा आहे. तिच्यात तथ्य आहे, कारण त्याने अजून कुणाचीच निराशा केलेली नसते.

मिशिगनची वाटणी

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण मिशिगनचे. १९९८ मध्ये तेथे टॉम ब्रेडी हा कॅलिफोर्नियातून आलेला, तीन वर्षे वाट पाहिलेला मुलगा मुख्य क्वार्टरबॅक झाला. त्याच वर्षी ड्रू हेन्सन दाखल झाला. हेन्सन मिशिगन राज्यातलाच. हात इतका जोरकस की बेसबॉलच्या न्यूयॉर्क यांकीज संघानेही त्याची निवड केली होती. हंगामातील पहिले दोन्ही सामने मिशिगन हरला आणि हेन्सनचे नाव लोकांच्या तोंडी आले.

१९९९ मध्ये प्रशिक्षक लॉइड कार यांनी तोडगा काढला. पहिल्या चरणात ब्रेडी, दुसऱ्यात हेन्सन, आणि मध्यंतराला ज्याचा खेळ बरा दिसेल तो उरलेला सामना खेळेल. कागदावर हा न्याय वाटतो. प्रत्यक्षात दोघांनाही दर शनिवारी अर्ध्या तासाची परीक्षा द्यावी लागे. ऑक्टोबरमध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध उत्तरार्धासाठी हेन्सनची निवड झाली, संघ मागे पडला, ब्रेडीला परत बोलावण्यात आले आणि त्याने अंतर जवळजवळ भरून काढले. सामना ३४-३१ असा गेला. त्यानंतर वाटणी थांबली. १ जानेवारी २००० च्या ऑरेंज बाउलमध्ये ब्रेडीने अलाबामाविरुद्ध ३६९ यार्डांचे यशस्वी फेक आणि चार टचडाउन करून ३५-३४ असा विजय मिळवून दिला. तरीही त्या वर्षीच्या व्यावसायिक निवडीत तो १९९ व्या क्रमांकापर्यंत उरला. पुढे त्याने सात सुपर बाउल जिंकले, हे सर्वज्ञात आहे.

आज ही हकिगत हेन्सनच्या चाहत्यांना चिडवण्यासाठी सांगितली जाते. ते मला अन्यायाचे वाटते. हेन्सन पोकळ नव्हता. २००० च्या हंगामात संघ त्याच्या हाती आला तेव्हा त्याने कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरवले. मग तो बेसबॉलकडे वळला. दोन्ही पक्षांना आपापल्या मुलाचे जे गुण दिसत होते, ते खरेच होते. मात्र ब्रेडीची पुढची वीस वर्षे तेव्हा कुणालाच दिसत नव्हती. ज्यांना तो हवा होता त्यांनाही नाही.

ओहायो स्टेटची कथा याहून विलक्षण, पण थोडक्यात सांगता येते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. जे. टी. बॅरेटने संघ सावरला, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला. तिसरा मुलगा कार्डेल जोन्स उतरला. त्याने विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि ऑरेगनला ४२-२० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणले. पुढच्या वर्षी तिघेही उपलब्ध. मिलर चेंडू झेलणाऱ्यांत गेला, जोन्स आणि बॅरेट यांच्यात मात्र जागा इकडून तिकडे फिरत राहिली, आणि मिशिगन स्टेटकडून झालेल्या १७-१४ अशा एकाच पराभवाने विजेतेपद राखण्याची आशा मावळली.

एक मध्यंतर, दोन मुले

अलाबामात २०१६ साली जेलन हर्ट्‌स पहिल्याच वर्षी मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि दोन हंगामांत त्याने सुरुवात केलेल्या अठ्ठावीस सामन्यांपैकी संघाने सव्वीस जिंकले. ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटात जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतराला अलाबामा १३-० ने मागे होता. हर्ट्‌सच्या आठ फेकींपैकी तीनच सहकाऱ्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवले आणि हवाईहून आलेल्या, पहिल्या वर्षात शिकणाऱ्या टुआ टागोवायलोआला उतरवले. जादा वेळेत टुआ आधी सोळा यार्ड मागे पाडला गेला. पुढच्याच डावात त्याने डेवॉन्टा स्मिथकडे ४१ यार्डांचा फेक करून सामना २६-२३ असा संपवला.

मग सुरू झाला तो आठ महिन्यांचा वाद. सव्वीस विजय मोठे की एक उत्तरार्ध? हर्ट्‌सच्या बाजूचे लोक निष्ठेचा प्रश्न काढत, टुआच्या बाजूचे डोळ्यांनी पाहिलेल्या फेकीचा. सेबन तोंड उघडत नसत. १ सप्टेंबर २०१८ रोजी हंगामातील पहिला सामना ५१-१४ असा जिंकल्यावरही मैदानावर वार्ताहराने हाच प्रश्न विचारला, तेव्हा ते दूरचित्रवाणीवर उघड चिडले. नंतर त्यांनी क्षमा मागितली. जागा टुआला मिळाली होती. हर्ट्‌स दुसरीकडे जाऊ शकला असता, पण थांबला.

१ डिसेंबर २०१८. पुन्हा अटलांटा, तेच मैदान, समोर पुन्हा जॉर्जिया. अलाबामा २८-२१ ने मागे असताना टुआ जायबंदी होऊन बाहेर गेला आणि हर्ट्‌स आत आला. त्याने एक टचडाउन फेकून केला, दुसरा शेवटचे जेमतेम मिनिट उरले असताना स्वतः धावत जाऊन केला. सामना ३५-२८. अकरा महिन्यांपूर्वी ज्याला बसवण्यासाठी घसा कोरडा केला होता, त्याच्यासाठी त्या संध्याकाळी तेच लोक रडत होते. चाहत्यांच्या चंचलतेवर एरवी कुणीही टीका करील. मला वाटते की त्या दिवशी त्यांना आपल्याच वादातील निष्ठुरपणा प्रथमच दिसला असावा.

हर्ट्‌सने पदवी घेतली, २०१९ मध्ये ओक्लाहोमाकडून खेळला आणि हाइझमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. पहिला आला जो बरो, तोही असाच ओहायो स्टेटमधील स्पर्धेत मागे पडून लुइझियाना स्टेटकडे गेलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्ट्‌सने फिलाडेल्फियाला सुपर बाउल जिंकून दिला.

या वादाला आणखी एक बाजू आहे, ती अप्रिय आहे म्हणून टाळता येत नाही. कित्येक दशके कृष्णवर्णीय मुलांना ‘तुझी जागा धावण्याची’ असे सांगून दुसरीकडे हलवले जाई. विचार करण्याची जागा त्यांची नव्हे, हा त्यामागचा समज. वॉरन मूनला वॉशिंग्टन विद्यापीठात घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो दिली. जानेवारी १९७८ मध्ये त्याने मिशिगनविरुद्ध रोझ बाउल जिंकला, तरी व्यावसायिक निवडीत त्याचे नाव कुणीच घेतले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनबरोबर सलग पाच वेळा ग्रे कप जिंकला, आणि २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात प्रवेश मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. ‘कोणाला खेळवावे’ या प्रश्नाचे उत्तर चाहते केवळ फेकी मोजून देत आले, असे म्हणता येणार नाही.

अलीकडच्या नियमांनी वादाचे स्वरूप पालटले. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही खेळाडूला तो हंगाम हिशेबाबाहेर राखता येऊ लागला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची अधिकृत नोंदणी सुरू झाली. परिणाम लगेच दिसला. क्लेमसनमध्ये केली ब्रायंटने पहिल्या चार सामन्यांची सुरुवात केली. मग जागा ट्रेव्हर लॉरेन्स या नवख्याला देण्यात आली. ब्रायंटने संघ सोडला. त्याच आठवड्यात सिराक्यूसविरुद्ध लॉरेन्सला इजा झाली आणि पूर्वी तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या चेस ब्राइसने ९४ यार्डांची चाल रचून २७-२३ असा विजय वाचवला. लॉरेन्स परतला, क्लेमसनने पंधराही सामने जिंकले. त्यांतला शेवटचा टुआच्या अलाबामाविरुद्ध, ४४-१६.

२०२१ मध्ये बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट एका वेळेपुरती सैल झाली आणि त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. आता स्पर्धेत हरलेला मुलगा सहसा थांबत नाही. म्हणून प्रशिक्षकही निर्णय शक्य तितका लांबवतात. सराव बंद दाराआड होतो, चाहत्यांना दिसतात ते वसंतातील एका प्रदर्शनीय सामन्यातील काही डाव. ऑगस्टच्या अखेरीस खेळाडूंचा क्रमतक्ता जाहीर होतो. क्वार्टरबॅकच्या ओळीत अनेकदा दोन नावे असतात, आणि त्यांच्या मध्ये ठळक अक्षरांत ‘किंवा’.