चार कोटी अंकांची मूळ संख्या

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्या आहे, हे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी सिद्ध झाले. २१ ऑक्टोबरला या शोधाची घोषणा करण्यात आली. ही संख्या लिहिण्यास ४,१०,२४,३२० अंक लागतात. त्यापूर्वीचा, डिसेंबर २०१८ मधील विक्रम २,४८,६२,०४८ अंकी संख्येचा होता.

१ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसलेल्या, १ पेक्षा मोठ्या संख्येस मूळ संख्या म्हणतात. अशा संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केले. त्यामुळे विक्रम असतो तो केवळ ज्ञात मूळ संख्यांचा.

२ च्या घातापेक्षा १ ने लहान असलेल्या मूळ संख्या फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढे पुरेसे नसते. घातांक ११ घेतल्यास २०४७ मिळतात आणि ते २३ व ८९ यांचा गुणाकार आहेत. खुद्द मर्सेन यांच्या १६४४ मधील यादीत ६७ हा घातांक चुकीने आला होता. त्यापासून होणारी संख्या मूळ नाही, हे एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवले. मात्र तिचे अवयव सापडले नव्हते. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे ते अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.

अवयव न शोधता निर्णय देणारी ही पद्धत आज लुकास-लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते. ४ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावा, २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य उरली, तर संख्या मूळ ठरते. घातांक ५ असलेल्या ३१ साठी तीन पायऱ्यांत १४, ८ आणि ० या बाक्या मिळतात. नव्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या कराव्या लागल्या.

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या 'जिम्प्स' या स्वयंसेवी प्रकल्पात अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट यांनी ही संख्या शोधली. डब्लिन येथील संगणकाने प्रथम ती मूळ असण्याची दाट शक्यता दर्शविली. सॅन अँटोनियो येथील संगणकाने दुसऱ्या दिवशी ते सिद्ध केले.

या संख्येचे शेवटचे दोन अंक ५१ आहेत. द्विमान पद्धतीत ती केवळ १ या अंकाने, १३,६२,७९,८४१ वेळा लिहिली जाते. तिला २ च्या १३,६२,७९,८४० व्या घाताने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या. उदाहरणार्थ, १, २ आणि ३ यांची बेरीज ६.

संगणकीय गुप्तलेखनात काहीशे अंकी, गुप्त ठेवलेल्या मूळ संख्या वापरतात. तेथे या जगजाहीर संख्येचा उपयोग नाही. अशा गणनांतून संगणकांची मात्र कसून परीक्षा होते. ही ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या आहे. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत किंवा नाहीत, या प्रश्नाचे उत्तर गणिताला अद्याप मिळालेले नाही.