मूत्रल औषधे

मूत्रल औषधे म्हणजे लघवीवाटे सोडियम व पाणी यांचे उत्सर्जन वाढवणारी औषधे होत. उच्च रक्तदाब आणि हृदय, यकृत वा मूत्रपिंडाच्या विकारांत येणारी सूज यांवर ती वापरली जातात.

प्रौढ व्यक्तीच्या मूत्रपिंडांत रोज सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो. लघवी मात्र दीड लिटरच्या आसपास होते. बाकीचा द्रव मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमधून रक्तात परत शोषला जातो. बहुतेक मूत्रले गाळण्याचा वेग वाढवत नाहीत. ती सोडियमचे पुनर्शोषण अडवतात आणि सोडियमबरोबर पाणीही बाहेर पडते.

नलिकेच्या कोणत्या भागावर औषध काम करते, यावर त्याचा जोर ठरतो. हेन्लेच्या पाशाच्या जाड चढत्या भागात गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे २५ टक्के शोषले जाते. तेथील वाहक प्रथिन रोखणारे फ्युरोसेमाइड म्हणूनच अतिशय प्रभावी ठरते. थायझाइड गटाची औषधे त्यापुढे, जेथे जेमतेम ५ टक्के सोडियम शोषले जाते तेथे काम करतात. ॲसिटाझोलामाइड नलिकेच्या अगदी सुरुवातीला काम करूनही दुबळेच, कारण तेथे सुटलेले बरेचसे सोडियम पुढचे भाग शोषून घेतात.

फ्युरोसेमाइड व थायझाइडे यांमुळे नलिकेच्या अखेरच्या भागात जादा सोडियम पोहोचते. ते शोषताना तेथील पेशी पोटॅशियम बाहेर टाकतात. रक्तातील पोटॅशियम फार घटल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. स्पायरोनोलॅक्टोन हे अल्डोस्टेरोन संप्रेरकाला विरोध करून ही गळती कमी करते. परंतु मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेल्या रुग्णांत त्यामुळेच पोटॅशियम वाढू शकते, आणि तेही हृदयाला तितकेच घातक असते.