बॅटरीवरचं मशीन

आमच्या गावात विजेच्या आधी आवाज आला. विजेचे खांब पडले ते १९६६ साली, घरात बल्ब लागायला आणखी वर्ष गेलं. पण पिंपळावर कर्णा चढला तो १९५८ च्या जत्रेत. हे सांगितलं की आजची पोरं हटकून विचारतात, "वीज न्हवती तर वाजायचा कशावर?" बॅटरीवर वाजायचा. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. विजेवर आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर, दोन्हीवर चालणारा. अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द गावात कुणाच्या तोंडी बसला नाही. सगळे त्याला 'मशीन' म्हणत आणि अण्णांना 'मशीनवाले'.

त्याआधी गावाचा आवाज म्हणजे दवंडी. हलगी बडवत, आळीआळीला थांबत दवंडी द्यायची ती महारांनी. ते त्यांचं वतनी काम. पाटलाचा निरोप, सरकारचा हुकूम, साऱ्याची तारीख, सगळं गावाला कळायचं ते त्यांच्या गळ्यातून. पण त्याच माणसाला चावडीवर चढून स्वतःचे दोन शब्द बोलायची सोय नव्हती. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झालं आणि त्यानंतर आमच्या वस्तीनं हलगी खाली ठेवली. १९५८ साली तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गावकीची कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला. म्हणजे दवंडीचं वतन कागदावर संपलं त्याच साली आमच्याकडं मशीन आलं. लहानपणी हे ध्यानात यायचं कारण नव्हतं. पुढं मशीन उघडून बसलो तेव्हा ही दोन सालं शेजारी-शेजारी दिसली.

मशीननं पहिला बदल केला तो तमाशात. गॅसबत्तीच्या उजेडात, दोन-तीन हजार माणसांसमोर गाणारीला शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे छातीचा भाता करावा लागायचा. मागं झीलकरी उभे असत, ते शेवटचा सूर वर उचलून धरत. त्यात गाण्याची शोभा होती, तशी गरजही होती. मायक्रोफोन आला आणि गाणारीला हळू आवाजातली लकेर घेता येऊ लागली. म्हातारी माणसं म्हणायची, "आता नरड्यात जोर ऱ्हायला न्हाय." तरणी म्हणायची, "आता शबूद कळत्यात." दोघांचंही खरं होतं.

हे सगळं व्हायचं पंधरा वॅटवर. आज लग्नाच्या वरातीत हजारो वॅटच्या भिंती असतात, त्यांच्यापुढं पंधरा वॅट म्हणजे काहीच नाही. पण कर्ण्याची गंमत अशी की मिळालेल्या शक्तीतला बराच मोठा हिस्सा तो आवाजात बदलतो. साध्या कागदी स्पीकरला ते जमत नाही. आणि माणसाच्या बोलण्याच्या मधल्या पट्टीतच तो जोरकस असतो. ढोलकीचा घुमारा कर्ण्यातून जायचा नाही, नुसती शाई-थापेची टकटक ऐकू यायची; पण बोललेला शब्द वारं असेल त्या दिशेला दोन कोस जायचा. रानात भांगलणाऱ्या बायकांना गावात कुणाचं लग्न लागलं ते मंगलाष्टकांवरून कळायचं.

मशीन चालवणं हे कष्टाचं काम होतं. बॅटरी तालुक्याला चार्ज करायला न्यायची, येताना अ‍ॅसिड सांडू नये म्हणून बैलगाडीत पेंढ्यावर ठेवायची. एका भरलेल्या बॅटरीवर सभा निघे. रात्रभराचा तमाशा काढायचा तर दोन लागत. बॅटरी देते बारा व्होल्ट आणि व्हॉल्व्हला लागतात दोन-अडीचशेच्या पुढं. त्यासाठी आत व्हायब्रेटर असायचा. हाताच्या अंगठ्याएवढी डबी, आत पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरायची, करंट तोडायची-जोडायची. मग तो ट्रान्स्फॉर्मरमधून चढवता यायचा. चालू केलं की आधी गांधीलमाशीसारखं गुंऽऽ ऐकू यायचं, मग अर्ध्या मिनिटानं व्हॉल्व्ह तापायचे आणि कर्ण्यातून खर्र निघायची. त्या खर्रला सगळी पोरं पिंपळाखाली गोळा व्हायची.

अण्णा वही ठेवायचे. ती माझ्याजवळ आहे. तारीख, कुणाचं काम, किती बॅटऱ्या, किती पैसे. लग्न, सत्यनारायण, कीर्तन, पुढाऱ्यांच्या सभा. वहीत १९६४ पासून दर वर्षी १४ एप्रिलला एक ओळ आहे. 'जयंती, खालची वस्ती. बॅटऱ्या दोन.' पुढं पैशाच्या रकान्यात नुसती रेघ.

ती रेघ गावाला झोंबली. १९६४ ला मशीन वस्तीत गेलं म्हणून पंचांनी अण्णांना देवळात बोलावलं. मी दहा वर्षांचा, ओट्यावर बसून ऐकत होतो.

"मशीन गावाचं हाय," एक जण म्हणाला.

"मशीन माझं हाय," अण्णा म्हणाले. "पैकं मी दिल्याती."

"मग जत्रंला तुमचं मशीन न्हाय लागायचं."

"न्हाय तर न्हाय."

पुढची दोन वर्षं जत्रेच्या रकान्यात आमच्या गावाचं नाव नाही. त्या दिवसांत अण्णा लांबलांबच्या गावांची कामं धरायचे. चुलती कधी कुरकुरली तर म्हणायचे, "ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचा निरोप वरडून सांगितला, त्येंचा एक दिस मशीननं सांगितला तर काय बिघडलं?" एवढंच. त्यावर त्यांनी कधी भाषण केलं नाही. १९६७ साली वीज आली, चावडी-देवळात दिवे लागले, वस्तीकडं मात्र तार वळली नाही. तिथं वीज जाईपर्यंत अण्णांचं बॅटरीवरचं मशीनच जात राहिलं. बाकी कामांना त्यांनी ते विजेवर लावलं तरी व्हायब्रेटर काढून टाकला नाही, त्याचं कारण ही एक तारीख.

नंतर ट्रान्झिस्टर आले. अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालचा, पण आमच्या भागात त्याची मशिनं रुळली ती सत्तरच्या दशकात. हलकी, तापायची वाट बघायला नको, बॅटरी कमी खाणारी. दिल्लीच्या अहुजा कंपनीचं नाव तर इतकं झालं की लोक स्पीकरलाच 'अहुजा' म्हणायला लागले. अण्णांनीही नवं घेतलं आणि जुनं मशीन पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. मी आयटीआय करून तालुक्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण व्हॉल्व्हच्या मशिनीला हात लावायचं काम उरलंच नव्हतं. भंगारवाले तांब्याच्या भावानं ट्रान्स्फॉर्मर न्यायचे, बाकीचा पत्रा वजनावर.

त्यांना परत किंमत आली ती गिटारवाल्यांमुळं. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याचा एक तरुण दुकानात आला. म्हणाला, "काका, जुनं व्हॉल्व्हचं पीए मशीन आहे का कुणाकडं? मला गिटारसाठी करून घ्यायचंय." मला आधी चेष्टा वाटली. मग त्यानं समजावलं आणि मीही वाचत गेलो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या माणसानं १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, माझ्यासारखंच दुकान. तिथून तो गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर करायला लागला. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा माणूस वाद्यांचं दुकान चालवायचा. त्यानं आणि त्याच्या दुरुस्तीवाल्यांनी १९६२ साली फेंडरच्याच एका मशिनीवरून आपलं पहिलं मशीन बांधलं. त्यांचे व्हॉल्व्ह आणि आमचे व्हॉल्व्ह एकाच घराण्यातले. फेंडरच्या 'डिलक्स'मध्ये जे दोन सिक्स व्ही सिक्स असतात, तेच दोन अण्णांच्या मशिनीत.

फरक वापरण्यात. अण्णांचा सगळा जीव आवाज फाटू नये यात. सभेत पुढारी माइकला चिकटला की ते धावत जाऊन बटण खाली करायचे. गिटारवाल्यांनी मुद्दाम बटण वर केलं. व्हॉल्व्हला झेपेना इतका सिग्नल दिला की तो लाटेचे शेंडे हळूहळू गोल करून कापतो, त्यातून जाडसर, भरलेला आवाज येतो. ट्रान्झिस्टर तेच शेंडे एकदम सुरीनं कापल्यागत कापतो, ते कानाला टोचतं. म्हणून जगानं व्हॉल्व्ह टाकून दिले तरी त्यांनी सोडले नाहीत, आणि म्हणूनच स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये व्हॉल्व्ह अजून बनतात. ती गिऱ्हाइकं नसती तर अण्णांच्या मशिनीला मला आज नवा व्हॉल्व्ह मिळाला नसता.

मी मशीन खाली काढलं. दुरुस्तीची रीत सांगतो, कारण पुष्कळ जण माळ्यावरचं मशीन काढून थेट प्लग खुपसतात आणि धूर काढतात. पन्नास वर्षांत कंडेन्सर आतून वाळलेले असतात. मेणकागदाचे कंडेन्सर गळायला लागले की पुढच्या व्हॉल्व्हला नको तो व्होल्टेज जातो आणि तो लाल होऊन मरतो. म्हणून आधी ते सगळे बदलायचे. व्हायब्रेटरच्या ट्रान्स्फॉर्मरवर एक बफर कंडेन्सर असतो, तो तर न चुकता. तो गेलेला असेल तर व्हायब्रेटर आणि ट्रान्स्फॉर्मर दोघांना घेऊन जातो. रेझिस्टन्स मोजायचे, जुने कार्बनचे वाढलेले असतात. दोन पिनची वायर काढून तीन पिनची लावायची, पत्र्याला अर्थिंग द्यायचं. मग शंभर वॅटचा बल्ब सिरीजला लावून चालू करायचं. बल्ब भगभगून जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर मशीन जिवंत आहे. कर्णा किंवा स्पीकर जोडल्याशिवाय आवाज सोडायचा नाही, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जातो. आणि बंद केल्यावरसुद्धा कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका करंट साठून राहतो. तो रेझिस्टन्समधून उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

आतल्या लहान व्हॉल्व्हवर बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का निघाला. कंपनी १९५४ ची, पण तिथं रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले १९६१ पासून. म्हणजे ते अण्णांनी मागून बदललेले. डाख त्यांच्याच हातचे, मोठे, गोळ्यासारखे. मी ते शक्य तिथं तसेच ठेवले. व्हायब्रेटर उघडून काँटॅक्ट बारीक पॉलिश पेपरनं घासले आणि बॅटरी जोडली. गुंऽऽ आलं.

तो तरुण मशीन बघून हरखला. म्हणाला, "काका, माइकची इनपुट काढून टाकू, गेन वाढवू, हे व्हायब्रेटर वगैरे काढलं की जागा पण होईल." पैसेही बरे देत होता. त्याचं चुकत नव्हतं. पडून गंजण्यापेक्षा वाजलेलं बरं. मी म्हटलं, चार दिवस थांब.

वस्तीतले तात्या आता ऐंशीच्या पुढं. १९६४ च्या जयंतीला ह्या मशिनीवर पहिल्यांदा बोलले ते तेच, विशीतले होते. मी त्यांना दुकानात आणलं. त्यांनी मशिनीवरून हात फिरवला, व्हायब्रेटरपाशी वाकून ऐकलं.

"तात्या, ह्ये गिटारवाल्याला द्यावं म्हणतो. तुम्ही काय म्हणता?"

"तुझं हाय, तू दे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बाळ, दवंडीला माझा बा वरडायचा. वरडणारा खालच्या अंगाला, ऐकणारं ओट्यावर. त्या दिशी मी हळू बोललो. हळू! आन्‌ वरच्या आळीपातुर गेलं. ह्यातलं काय काढणार हायती ती पोरं?"

"माइकचं भोक नि बॅटरीचं."

"मग ऱ्हायलं काय?"

त्या तरुणाला मी दुसरं मशीन मिळवून दिलं, शेजारच्या तालुक्यातल्या मंडपवाल्याकडचं, नुसतं विजेवरचं. त्याचं गिटारसाठी जे करायचं ते मीच करून दिलं आणि ते झकास वाजतं. जाण्याआधी त्यानं अण्णांच्या मशिनीवर एकदा गिटार जोडली, बटण पार शेवटाला नेलं. दुकानाच्या काचा थरथरल्या. तात्या हसून म्हणाले, "ह्ये तर इलेक्शनच्या भाषणावानी फाटतंय!" आणि आणखी वाजव म्हणाले.

मशीन दुकानात फळीवर आहे. वर्षातून दोनदा बॅटरी लावून तापवतो, नाहीतर नवे कंडेन्सरही वाळतात. वस्तीत आता वीज आहे, जयंतीला मोठी साऊंड सिस्टीम येते, याची गरज कुणाला नाही. तरी गेल्या एप्रिलात तिथली दोन शाळकरी पोरं आली आणि म्हणाली, काका, सकाळच्या भाषणांना तुमचं जुनं मशीन द्याल का, तात्या म्हणत होते. अण्णांची वही काढली, शेवटच्या भरलेल्या पानानंतरचं पान उघडलं आणि तारीख घातली. पैशाच्या रकान्यात रेघ मारली.