निर्माते फाळके : भांडवल कोणाचे, चित्रपट कोणाचा?

१/ १९१२ च्या आरंभी धुंडिराज गोविंद फाळके लंडनला निघाले, तेव्हा खर्चासाठी त्यांनी आपली आयुर्विमा पॉलिसी गहाण ठेवली होती. वय ४१. भागीदारांशी न पटल्याने छपाईचा व्यवसाय सुटलेला. दिग्दर्शक फाळके सर्वांना ठाऊक आहेत. हा थ्रेड निर्माते फाळके यांच्याविषयी.

२/ लंडनमध्ये त्यांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था केली. चित्रपट काढण्यासाठी मात्र पैसा हवा होता. सावकारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट पाहून कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

३/ दादरचे राहते घर हाच ‘फाळके फिल्म्स’चा स्टुडिओ. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक ही कामे सरस्वतीबाईंच्या वाट्याला आली. कॅमेऱ्यासमोर येण्यास स्त्रिया तयार नव्हत्या, म्हणून तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके उभे राहिले.

४/ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. लांबी सुमारे ३,७०० फूट. सुरतेतील प्रेक्षक रात्रभर चालणाऱ्या नाटकांना सरावलेले. तासाभराच्या खेळासाठी ते पैसे का मोजतील? फाळक्यांनी जाहिरात केली : ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, दर तीन आणे.

५/ हा हिशेब तपासण्याजोगा आहे. एक फूट फिल्ममध्ये १६ चौकटी मावतात, म्हणजे ५७,००० हा आकडा जवळपास खराच. ‘दोन मैल’ मात्र अतिशयोक्ती. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नव्हे. निर्मात्याला चित्रपट विकताही यावा लागतो, हे फाळक्यांना पहिल्याच चित्रपटात उमगले होते.

६/ पुढे त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ घेऊन १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून काम करण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. इतक्यात महायुद्ध पेटले. भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि कच्ची फिल्म दुर्मीळ झाली. कर्जावर उभा असलेला एकट्याचा उद्योग असा धक्का सोसू शकत नाही. काम जवळजवळ थांबले.

७/ १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने अमाप गर्दी खेचली. राम आणि सीता, दोन्ही भूमिका साळुंके यांच्याच! तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगितले जाते. यशाबरोबर भांडवलदारही आले. १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदींच्या भागीदारीत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली.

८/ ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण साकारलेला ‘कालियामर्दन’ (१९१९) या कंपनीचे मोठे यश ठरले. परंतु पैसा भागीदारांचा होता, त्यामुळे खर्च किती व वेळ किती, हे प्रश्नही तेच विचारू लागले. मनासारखे होईपर्यंत चित्रण करणाऱ्या फाळक्यांना हा लगाम सोसला नाही. कंपनी सोडून ते काशीस गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले.

९/ काही वर्षांनी ते परतले, ते त्याच कंपनीत. आता मात्र पगारावर. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचा बाजारच उठला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता. त्यावर मागाहून ध्वनी चढवावा लागला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा पहिला व अखेरचा बोलपट. तोही कोल्हापूर सिनेटोनचा, स्वतःचा नव्हे.

१०/ स्वतःचे नाव असलेल्या कंपनीतून, स्वतःच्या जोखमीवर चित्रपट काढण्याचा फाळक्यांचा मुख्य काळ जेमतेम पाच वर्षांचा, १९१२ ते १९१७. त्या काळात कर्ज फेडायचे होते, पण कथा, लांबी, नटसंच सारे त्यांच्या हाती होते. पुढे भांडवल वाढले आणि निर्णय इतरांकडे गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा मुंबईत चित्रपट हा मोठा धंदा बनला होता. त्या धंद्यात त्यांचा वाटा उरला नव्हता.